त्या कानानं

ताईचं तेरावं होऊन गेलं, तरी तिचा मोबाइल खिडकीत तसाच आहे. पुतणीनं तो चार्जिंगला लावून ठेवलाय. मधूनच थरथरतो. ती गेल्याचं ज्याला ठाऊक नाही असं कोणीतरी अजून निरोप पाठवत असणार. मी उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येऊन बसतो. चार ओळी लिहिल्या की पुन्हा उठतो.

काल पुतणीनं विचारलं, "काका, तुमच्या लाइनीत यायचं तर काय शिकू?" माझी सारी नोकरी संगणकातली माहिती राखण्यात गेली, आता त्याला सायबर सुरक्षा म्हणतात. नेटवर्क शिक, प्रोग्रामिंग शिक, आधी एखाद्या कचेरीत साध्या देखभालीच्या कामाला लाग, असं मी तिला सांगितलं. ते खरंच होतं. पण बोलण्यात मन लागेना. 'लाइन' हा शब्द आमच्या घरात आधी ताईचा होता.

सत्तरच्या दशकात ताई तुमसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गावात फोन मोजके, तेही बहुतेक राइस मिलवाल्यांचे आणि अडत्यांचे. रायपूरचा, नागपूरचा ट्रंक कॉल लागला की वेळ संपल्याचं सांगायला तिला मध्येच लाइनवर जावं लागे. कोणाचा तांदूळ कुठे चालला, काय भावानं, सारं तिच्या कानावरून जाई. घरी मात्र त्यातलं अक्षर ती काढत नसे.

अशात तिला जवळच्याच शहापूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक होता आणि ताईला तो आवडला होता. पाहून गेल्यापासून ती कारण नसताना हसत असे. स्थळ आणलं होतं मुलाच्या मामानं. तो तुमसरलाच तांदळाची दलाली करायचा. एक दिवस चहाला आला आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "बाई, आता तू आमचीच झाली. तो स्टेशनाजवळचा मिलवाला रोज रायपूरले बोलते. काय भाव सांगून राहिला, तेवढं कानावर घालत जा फक्त."

बाबा खाली पाहत राहिले. मी तेव्हा कॉलेजात होतो. उठून दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो.

ताईनं उजव्या कानाला हात लावला. "मामाजी, खरं सांगू काय? हेडफोन घालू घालू हा कान गेला माहा. नुसती घरघर येते, बोलनं नाही समजत."

"मंग नोकरी कशी करून राहिली?"

"'वेळ झाली' म्हनायले कान कायले लागते?"

मामा हसला, चहा संपवून गेला. काही दिवसांतच शहापूरहून निरोप आला : पोरगी बहिरी आहे, हे आधी काहून नाही सांगितलं? स्थळ मोडलं. बाजारात तर लोकांना विषयच मिळाला. "बहिरी ऑपरेटर बसवली, तरीच म्हनो तुमसरचे फोन काहून लागत नाहीत!"

ताईचा कान शाबूत होता. मागच्या फाटकाची कडी वाजली तरी आमच्या आधी तिला कळे. मी चप्पल घातली.

"कुठी चालला?" ती दारात आडवी आली.

"शहापूरले. तुहा कान धड आहे म्हनून सांगतो."

"सांग ना. मंग उद्या मामाजी आले का भाव कोन सांगन? तू?"

"सरळ नाही म्हन ना त्याईले!"

"नाही म्हटलं तं रोज विचारतील रे. बहिरीले कोनी नाही विचारत."

बोलता बोलता तिनं माझी कॉलर नीट केली. ती नीटच होती. तिचे डोळे भरले होते. मी चप्पल काढली, पुन्हा घातली, बसस्टँडपर्यंत गेलो. बस सुटताना पाहिली आणि परत आलो. ताईचं लग्न पुढे झालंच नाही.

ऐंशीच्या दशकात मला नागपूरच्या एका कचेरीत संगणकावर काम मिळालं. पहिल्या सुटीत घरी आलो तो फुशारक्या मारतच. "ताई, मशीन सुरू करायच्या आधी तिले एक शब्द सांगावा लागते. तो दुसऱ्या कोनाले सांगायचा नसते. आता माहा शब्द..."

ताईनं उजव्या कानावर हात ठेवला. "त्या कानानं मले आयकू येत नाही, बाबू."

दोघंही पोट धरून हसलो. तो शब्द मी तिला कधी सांगितला नाही, पुढचेही नाहीत.

आज दुपारी पुतणी मोबाइल घेऊन समोर उभी राहिली. "काका, तुम्ही तर याच लाइनीतले. आत्याचा फोन उघडून द्या ना. फोटो असतील. आणि कोणाचे मेसेज येऊन राहिले, ते तर पाहू."

फोन उघडायला ताईनं कोणते आकडे ठेवले असतील, याचा मला अंदाज आहे. तिचे फोटो मलाही पाहायचे आहेत. शहापूरचं कोणी तिला अजून लिहीत होतं का, हेही पाहायचं आहे. खोटं कशाला बोलू. मी हात पुढे केला, मागे घेतला. मग उजव्या कानाला लावला.

"काय झालं काका? ऐकू नाही आलं काय?" ती जरा मोठ्यानं म्हणाली. तिच्या हातात मोबाइल पुन्हा थरथरला.