दादांचा भूतकाळ

मी एफवाय बीएला असताना आमचे दादा, म्हणजे माझे वडील, माझ्या हातून वारले. (अजून ठणठणीत आहेत. काळजी नसावी!)

झालं असं, की माझ्या थोरल्या भावाचं, संजयचं, पुण्यात ऑफिसातल्या सुमाशी जमलं. तिचे आईवडील म्हैसूरचे, मराठीचा गंध नाही. ते येडगावला आमचं घर बघायला येणार होते, तेवढ्यात दादा आंब्यावरून पडले आणि पाय प्लास्टरात गेला. "त्यांना इंग्रजीत पत्र टाक. बैठक पुढं ढकल, अन् घरच्यांची माहितीपण दे," असं मला सांगून संजय कंपनीच्या कामाला गुजरातला गेला.

कॉलेजात सरांनी बजावलं होतं, "झालेली गोष्ट सांगताना एकदा भूतकाळ धरला की मध्येच सोडायचा नाही!" मी कशाला सोडतेय? दादांचं पडणं भूतकाळात, मग पुढचे अख्खे दादाच भूतकाळात! "माय फादर वॉज अ गुड मॅन. ही हॅड टू बफेलोज. ही लव्हड मटन. एव्हरीबडी लाइक्ड हिम."

आठव्या दिवशी दारात जीप थांबली. सुमा, तिची आई आणि पांढऱ्या धोतरातले वडील उतरले. तिघांचेही चेहरे उतरलेले, आणि वडिलांच्या हातात हा एवढा मोठा हार!

दादा ओट्यावर प्लास्टर पसरून मटणाची नळी चोखत बसलेले. "या पावणं, या!"

पुण्यात राहून मराठी शिकलेली सुमा हळूच म्हणाली, "काका, संजयच्या वडिलांचा फोटो कुठं ठेवलाय?"

"फोटो व्हय? लग्नातला हाय. पर त्यात मी लई बारीक दिसतो!"

सुमानं ते कानडीत सांगितलं मात्र, तिची आई मटकन खालीच बसली!

मग पत्र बाहेर निघालं. सुमा एकेक ओळ मराठीत सांगत होती, आणि माझे कान तापत होते.

"आगं ए, मी मेलो कवा?" दादा कडाडले.

"मेला नाय दादा, तुमी नुसते... भूतकाळात गेलाय."

आईनं डोळ्यांना पदर लावला. "मोडलं! माज्या पोराचं लगीन हिच्या इंग्रजीपायी मोडलं!"

सुमाच्या वडिलांनी शांतपणे चष्मा लावला. ते निघाले इंग्रजीचे निवृत्त मास्तर! खिशातलं लाल पेन काढून ते एकेका 'वॉज'चा 'इज' करत गेले, आणि प्रत्येक खाडाखोडीला दादा थोडेथोडे जिवंत होत गेले. शेवटी दादांनीच तो हार ओढून घेतला. "आणलाच हाय तर वाया कशाला घालवायचा?" म्हणत गळ्यात घातला आणि खदखदून हसले. मास्तरांनाही हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग ते सुमाला काहीतरी म्हणाले. ती लाजली.

"बाबा म्हणतात, मुलगी इथंच द्यायची."

अख्ख्या पत्रातला एकच भूतकाळ मास्तरांनी बरोबर म्हणून मोठ्यानं वाचून तसाच ठेवला. दादा आंब्यावरून पडले, त्यातला 'फेल'. दादांनी तेवढाच शब्द ऐकला, आणि दिवस मावळायच्या आत गावभर सांगितलं, "आमच्या पोरीचं इंग्रजी खुद्द म्हैसूरच्या मास्तरांनी तपासलं, राव! एकच शेरा दिला... फेल!"