घरातलं उदाहरण

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती, तरी सांगलीत बेकारीवरच्या परिसंवादांना तोटा नव्हता. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, त्यामुळे बोलावणं यायचंच. आम्ही ठरलेले तिघं वक्ते. एकजण लोकसंख्येवर घसरायचा, दुसरा यंत्रांवर, मी शेतीतल्या छुप्या बेकारीवर. समोर नोकरीसाठी नाव नोंदवून वाट बघणारी पदवीधर पोरं बसायची. त्यांतला एखादा उठून विचारायचा, "सर, मग आम्ही करायचं काय?" अध्यक्ष म्हणायचे, "हा धोरणाचा प्रश्न आहे." मग आभार, मग चहा. तो चहा आठवला तरी आता थकायला होतं.

छुपी बेकारी समजावताना पुस्तकातलं उदाहरण कुणाच्या गळी उतरत नसे. म्हणून एकदा घरचं दिलं. कराडजवळच्या आमच्या गावी विहिरीवर विजेची मोटर बसली होती. बैलांची मोट सुटली, पण मोट हाकणारा माणूस घरातच राहिला. "रानात दोन भाऊ राबतात," मी म्हणालो, "त्यांतला एक उद्या उठून गेला, तरी उसाचं एक कांडं कमी होणार नाही. तो दिसतो कामात, पण आहे बेकार." सभा हसली. दुसऱ्या दिवशी पेपरात नेमकं तेवढंच छापून आलं. पुढं ते वाक्य मी सोडलं नाही.

मोट हाकणारा तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ.

साताऱ्याच्या व्याख्यानमालेत मी बोलणार हे कळल्यावर दादा एसटीनं आला. धुतलेलं धोतर, आणि अध्यक्षांसाठी पंच्यात बांधलेली गुळाची ढेप. वक्त्याच्या घरचा माणूस म्हणून त्याला पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्षांनी ओळख करून देताना, "वक्त्यांचे शेतकरी बंधू आज मुद्दाम आले आहेत," असंही सांगितलं. टाळ्या पडल्या. दादानं बसल्या जागी हात जोडले.

आणि अर्ध्या तासानं मी ते उदाहरण दिलं. भावांच्या जागी शेजारी म्हटलं असतं तरी भागत होतं. सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण वाक्य तोंडात बसलेलं, आणि लोक कुठं हसतात ते मला ठाऊक होतं. लोक हसले. काहींनी माना लांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग तोही हसला.

स्टँडकडे जाताना माझी शाल आणि नारळ त्याच्याच हातात होते.

"लय टाळ्या पडल्या रं," तो म्हणाला.

"हं."

"ते मोटंचं आपल्याच घरचं न्हवं?"

"उदाहरण असतं ते, दादा. लोकांना समजावं म्हणून."

"समजलं की. मला समजलं म्हंजे समद्यास्नी समजलं असंल." थोडं चालल्यावर त्यानं विचारलं, "पर खरं हाय का? मी गेलो तर काय कमी व्हणार न्हाई?"

भाऊ म्हणून उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो, "शास्त्राच्या हिशेबानं, नाही होणार कमी." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दसऱ्यानंतर तो वहिनीला घेऊन सांगलीजवळ कुपवाडला गेला, एका फाउंड्रीत लागला. घरी म्हणाला, "आपल्या मास्तरनं अभ्यास करून सांगितलंय." आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला विचारलं, तर मी म्हणालो, जाऊ दे की, बरंच आहे. त्या साली ऊस कमी निघाला नाही. पुढच्या भाषणात मी तेही घातलं.

ती फाउंड्री पुढं बंद पडली. दादा तिथंच मिळेल ती हमाली करत राहिला. गावी जा म्हटलं, की विषय बदलायचा.

मग एका यात्रेला आम्ही सगळे गावी जमलो. मधल्या भावाच्या बायकोनं दादासाठी घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या दिला, पाहुण्याला देतात तसा. संध्याकाळी मधला मोटर चालू करायला निघाला. दादा उठला.

"मी सोडू का पाणी?"

"बस की दादा," मधला मायेनंच म्हणाला. "दोन दिसाचा पाव्हणा तू, कशाला चिखलात येतोस?"

दादा खाली बसला. ओट्यावर आम्ही दोघंच उरलो.

"दादा, साताऱ्याला मी चुकीचं बोललो."

"चुकीचं कुटं?" तो सावकाश म्हणाला. "ऊस तेवढाच निघतोय की."

खाली मोटर चालू झाली. तो मान वळवून पाटाकडे बघत राहिला, पाणी कुठवर आलं ते.