दातांनी तोडलेला दोरा
स्पिरिटचा वास आला की मैलूरमधल्या त्या लहान दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली डोळ्यांसमोर उभी राहते. कितीतरी वर्षं ब्लाउज शिवल्यावर मी नर्सिंगकडं वळायचं ठरवलं होतं. घरचे म्हणत, सहा महिन्यांचा कोर्स कर आन लाग कामाला. तीन वर्षांच्या कोर्सची तर मलाच धास्ती, या वयात पोरींशेजारी बाकावर कसं बसायचं? आधी काम तरी बघ, म्हणून शेजारी राहणाऱ्या सिस्टर मला एक दिवस सोबत घेऊन गेल्या. कमठाण्याच्या एका अप्पांचा पाय साखरेच्या आजारानं चिघळला होता. सिस्टर जखम धुवायल्या, अप्पा छताकडं बघत कण्हायले, मी श्वास धरून पाय उचलून धरलेला. पट्टी बसली, तिच्या टोकाला एक दोरा लोंबताना दिसला आणि मी खाली वाकून तो दातांनी तोडला. शिवणाच्या दुकानात दिवसभर तेच करायची मी. सिस्टरचा हात जागीच थांबला. "काय करायलीस?" एवढंच म्हणाल्या. पट्टी सोडून त्यांनी जखम पुन्हा पहिल्यापासून धुतली आणि माझ्यामुळं अप्पांना तेवढंच दुखणं दुसऱ्यांदा सोसावं लागलं. तरी तेच म्हणाले, "नवी हाय लेक, शिकंल की." सिस्टरनी मान वर केली नाही. "शिकंल, अप्पा. पण सहा महिन्यांत न्हाई." दुसऱ्या दिवशी मी तीन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. आज वॉर्ड माझ्या हाताखाली आहे, आणि घरी साधं बटण लावलं तरी धागा तोडायला मी उठून कात्री शोधते.