मुरलेला सेट

दुकानात रोज संध्याकाळी दोन तास बसलं की घरी जाताना दप्तर जड होतं, आणि ते वह्यांमुळे नाही! मी मुद्दाम किस्से गोळा करत नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे थोड्या वेळानं लोक मला विसरतात आणि मोकळेपणानं बोलायला लागतात. मग गणितं राहतात बाजूला.

दुकान आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. इंदापुरात, बाजाराच्या रस्त्याला. रेडिओ, टेप, डेक दुरुस्त करायचे आणि बारामतीहून नवे स्टिरिओ सेट आणून विकायचे, हा धंदा. पण तात्यांचा एक नियम आहे. नवा सेट ते गिऱ्हाइकाला लगेच देत नाहीत. आधी आठ दिवस दुकानात वाजवतात, मगच देतात.

"नव्या स्पीकरचा पडदा कडक असतो," ते प्रत्येकाला सांगतात. "वाजून वाजून मऊ झाला की मग खरा आवाज सुटतो. लोणचं कसं मुरावं लागतं, तसा सेट बी मुरावा लागतो."

'सेट मुरवणे' हा शब्द तात्यांचाच. आता आमच्या रस्त्यावर तो सगळे वापरतात.

आईला मात्र हे अजिबात पसंत नाही. बारामतीत एक मोठं दुकान निघालंय. तिथं सकाळी गेलं की दुपारी सेट घरात. आमची दोन गिऱ्हाइकं तिकडं गेलीसुद्धा. आई डबा घेऊन दुकानात आली की विचारते, "तुमचा सेट मुरंस्तवर गिऱ्हाईक यष्टीनं बारामतीला जाऊन येतंय. किती दिवस चालायचं असं?"

तात्या डबा उघडून म्हणतात, "भाजी झकास झालीया."

*

सेट मुरवायची कॅसेट एकच. एका बाजूला सनई, दुसऱ्या बाजूला ढोलकी. "बारीक आवाजाचा बी व्यायाम आन् जाड आवाजाचा बी," असं तात्यांचं शास्त्र.

या व्यायामाचा सगळ्यात जास्त त्रास महादूकाकांना. ते शिंपी. त्यांचं मशीन आमच्या फळीच्या भिंतीला लागून. नवा सेट लावला की पहिल्या दिवशी ते कानात बोटं घालून येतात. "तात्या, लई कच्चा हाय वो! टाके चुकायला लागले माझे!"

तिसऱ्या दिवशी नुसते खोकतात. पाचव्या दिवशी त्यांचा पाय मशीनवर ढोलकीच्या ठेक्यात चालायला लागतो.

एकदा आठव्या दिवशी तात्यांनी मुद्दाम भिंतीवर थाप मारून विचारलं, "महादूकाका, आता कसा वाजतोय?"

मशीन थांबलं. पलीकडून आवाज आला, "वाजतोय व्हय? मला वाटलं लाईट गेलीया!"

*

शेळगावच्या एक मावशी आल्या होत्या. नऊ दिवसांनी घरी पाहुणे यायचे होते, परत खेप नको, सेट आजच पाहिजे म्हणून हटून बसल्या. तात्यांचं मन विरघळलं. पण त्यांनी अट घातली. "न्या, पर घरी आठ दिवस मुरवा. आवाज एकदम चांगला येईल."

मावशींनी मान डोलावली आणि सेट घेऊन गेल्या.

दहाव्या दिवशी रागावून परत आल्या. "तात्या, काय बी फरक न्हाय! पाहुणं हसाया लागलं."

"मुरवला का पर नीट?"

"तर! खोक्याचं तोंड फडक्यानं गच बांधून फडताळात ठिवला हुता. आठ दिवस कुणाला हात लावू दिला न्हाय!"

तात्यांनी कपाळाला हात लावला. "आवो मावशी, पर वाजवला का त्यो?"

मावशींनी तात्यांकडं असं पाहिलं, की मलाच तात्यांची दया आली. "मुरायच्या आत बरणी कोण उघडतंय का?"

*

बावड्याच्या एका बागायतदारांना मात्र हा नियम ऐकताक्षणी पटला. त्यांनी नुकताच नवा ट्रॅक्टर घेतला होता. "बरोबर हाय तुमचं. पहिलं पन्नास तास इंजनावर लोड द्यायचा नसतो. मी घरीच घालतो की पन्नास तास!"

माणूस जाणता आहे म्हणून तात्यांनी सेट दिला. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. चेहरा उतरलेला.

"तात्या, घरातली पोरं वैतागली. पंधरा दिवस झाले, नुसती संथ भजनं लावतोय. तीबी बारीक आवाजात."

"का वो?"

"लोड नको म्हणून! ढोलकी कधी लावायची?"

"आता लावा की! पन्नास तास कवाच झाले असतील."

ते थोडे पुढं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आन् तेल कधी बदलायचं?"

*

उन्हाळ्यात लाईटीचा भरवसा नाही. सकाळी जाते, दुपारी तोंड दाखवते, परत जाते. तात्या सेट जितके तास वाजला तितक्या खडूच्या रेघा फळीच्या भिंतीवर ओढतात. दहा रेघा म्हणजे सेटचा एक दिवस.

एक तरुण गिऱ्हाईक आठ दिवसांनी बरोबर हजर झालं. तात्यांनी रेघा मोजल्या आणि मान हलवली.

"आजून न्हाय झाला."

"आवो, आठ दिवस झाले की!"

"तुमचे झाले. सेटचे तीनच झालेत."

तो रेघांकडं बघत बसला. मग म्हणाला, "तात्या, माझं वय बी असंच मोजा. सोयरीक जमंना झालीया, तेवढीच चार वर्सं कमी हुतील!"

तात्या हसता हसता खडू शोधायला लागले. पण सेट काही दिला नाही. आईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस तात्यांशी बोलली नाही.

*

आता आमच्या सरांबद्दल सांगायला हवं. ते नववीला विज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी फिरून येताना दुकानात टेकतात. सर आले की मी वही आणखी वर धरते.

सरांचं मत अगदी उलट. "तात्या, स्पीकरचा पडदा जो काय सैल व्हायचा तो पहिल्या काही मिनिटांत होतो. पुढचे आठ दिवस तुमचे कान मुरतात, सेट नाही!"

एकदा हा वाद चालू असताना निमगाव केतकीचे आबा बसले होते. मुलासाठी सेट घ्यायला आलेले. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरांचा मोठा कळप होता. आता डाळिंबाची बाग आहे. मुलगा सरांच्या बाजूचा होता, "आबा, ही सगळी गप हाय, चला बारामतीला," म्हणत होता.

आबांनी पागोटं सारखं केलं. "गप न्हाय. म्होरल्या मेंढराच्या गळ्यात नवी घंटा बांधली की ती कच्चीच वाजायची. एक पावसाळा गेला की आवाज बसायचा. म्या सवता ऐकलंय."

तात्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला, विरुद्ध पार्टीलासुद्धा!

सरांनी चहा घेतला, पण मुद्दा सोडला नाही. "आबा, एक सांगा. आवाज घंटेचा बदलायचा, की ऐकणाऱ्याच्या कानाला सवय व्हायची?"

आबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "त्ये मेंढरास्नी इचाराय पायजे. आमी सगळी येकाच वक्ताला ऐकत हुतो."

*

शेवटी सरांनाच सेट घ्यायचा झाला. त्यांना तो त्याच दिवशी हवा होता आणि तात्या देईनात. मग सरांनी परीक्षा ठरवली. एकाच कंपनीचे दोन सेट. एक आठ दिवस मुरलेला, एक खोक्यातून नुकता काढलेला. मधे पडदा. एकच गाणं आधी एकावर, मग दुसऱ्यावर. तात्यांनी मुरलेला ओळखला तर नियम राहील. नाही ओळखला तर उद्यापासून प्रत्येक सेट त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात.

"शब्द?" सर म्हणाले.

"शब्द," तात्या म्हणाले. आई तिथंच होती. तिनं हे नीट ऐकून ठेवलं.

रविवारी दुपारी आईचं जुनं लुगडं दोरीवर टाकून पडदा केला. पुढं सर, महादूकाका, आबा, आई, आणि रस्त्यावरून सहज आत आलेली आठदहा माणसं. पडद्यामागं मी. बटणं मला माहीत होती आणि कुणी मला बघणार नव्हतं, म्हणून मीच तयार झाले. आधी कुठला वाजवायचा तेही मीच ठरवायचं होतं.

मी आधी मुरलेला लावला. कॅसेटच्या सनईच्या बाजूचं पहिलं गाणं. बाहेर सगळे चिडीचूप.

मग दुसरा लावायला गेले, तर पिन बोर्डात जाईना. मुरवायला घेतलेल्या सेटला तात्या पहिल्याच दिवशी गोल पिन बसवतात. नव्याची पिन कंपनीची, चपटी. आमच्या बोर्डाची भोकं गोल. मधे घालायचा एक छोटा प्लग असतो, तो बोर्डाखालच्या डब्यात ठेवलेला असतो. डबा रिकामा होता.

"तात्या, छोटा प्लग कुठाय?" एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर दुसरा सेट नवा आहे हे सगळ्यांना कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या शांततेत माझ्या तोंडून आवाजच फुटेना.

"वैशे, लाव की!" आई बाहेरून म्हणाली.

मी कॅसेट मागं घेतली आणि पहिलाच सेट परत वाजवला.

गाणं संपलं तसा बाहेर एकदम गलका झाला. महादूकाका म्हणाले, "पहिला लोणी! दुसरा म्हंजी निस्ती खडी!" आबा म्हणाले, "दुसऱ्याची घंटा कच्ची हाय." आई नाइलाजानं म्हणाली, "पहिलाच बरा वाटला मला बी." शेवटी सरांनीसुद्धा घसा साफ केला. "पटत नाही, पण कबूल करतो. दुसऱ्याचा आवाज जरा बोचतो."

मी पडद्यामागं दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होते.

"तात्या, तुम्ही बोला," सर म्हणाले.

तात्या म्हणाले, "मला काय बी फरक वाटला न्हाय."

"आं?" महादूकाका म्हणाले.

"नीट सांगा तात्या," सर म्हणाले. त्यांनाच वाईट वाटलेलं आवाजावरून कळत होतं. "ह्यावर नियम ठरणार आहे."

"नीटच सांगतोय. दोन्ही सारखंच वाजलं. हरलो म्हणा. शब्द म्हंजी शब्द."

मी लुगडं बाजूला केलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काहीतरी बोलले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं बोल, पोरी," आबा म्हणाले.

"दोन्ही वेळा एकच सेट होता! मुरलेला. नव्याची पिन बसत नव्हती."

महादूकाकांनी मांडीवर थाप मारली. "आयला! म्हंजी एवढ्या माणसांत एकट्या तात्यालाच खरं ऐकू आलं!"

"पण मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना!" सर ओरडून सांगत होते. "फरक नसताना आपण सगळ्यांनी तो ऐकला!" पण ऐकतंय कोण? लोक तात्यांचे कान बघायला पुढं सरकले होते. आबांनी मुलाच्या सेटचं तिथल्या तिथं नक्की केलं, "मुरवूनच द्या" असं बजावून. आईनं सगळ्यांना चहा दिला आणि बारामतीचं नावही काढलं नाही. जाता जाता सर हळूच म्हणाले, "माझाही ठेवा आठ दिवस. प्रयोग म्हणून."

संध्याकाळी सगळे गेल्यावर तात्यांनी शटरची किल्ली काढायला खिशात हात घातला. किल्लीबरोबर तो छोटा प्लग बाहेर आला.

तात्यांनी प्लगकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, प्लग डब्यात टाकला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"चल वैशे," ते म्हणाले. "आई वाट बघत आसंल."