पेरूची बरणी आणि अण्णांचा फोन

गेल्या महिन्यात चार दिवस घरी होतो, नाशिकला. दिवाळीत हॉटेलवाल्यांना सुट्टी नसते, म्हणून दिवाळी उरकल्यावर गेलो... चिवडा डब्याच्या तळाशी गेलेला, आकाशकंदील मात्र आईने माझ्यासाठी लावून ठेवलेला.

मी कोचीला एका हॉटेलच्या बारमध्ये असतो. बारटेंडर नाही, त्याच्या हाताखाली. ग्लास धुणं, लिंबं कापणं, बर्फ भरणं. शाळा नववीत सुटली, मग सुरत झालं, पुणे झालं, गोवा झालं... आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी हाय.

तर ताई-दाजींनी नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळ, नवीन फ्लॅट घेतलाय. दाजींना कॉकटेलचं वेड. मोबाईलवर बघून शिकतात, शेकर मागवलाय, हॉलमधलं एक कपाट खास बाटल्यांसाठी ठेवलंय. ताई त्याला 'यांचा देव्हारा' म्हणते.

नवीन घराला भिंतीवरचं घड्याळ देणारे पुष्कळ. मी ठरवलं, आपल्या हातची पेरूची व्होडका द्यायची.

काम अवघड नाही. चांगली व्होडका, आपल्या बांधावरचे पिकलेले पेरू, चवीला एक हिरवी मिरची. मिरची दुसऱ्या दिवशी काढून टाकायची, नाहीतर घसा जाळते. पेरू आठवडाभर मुरू द्यायचा, बरणी रोज एकदा हलवायची, मग फडक्यातून गाळायचं.

"माझी लोणच्याची बरणी घेतलीस ना?" आई म्हणाली. "आता त्यात मी लोणचं घालायची नाय. आन देवाच्या खोलीत ठेवू नको ते."

निघायच्या आधी मिरची मी काढली. पण रोज हलवणार कोण? अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते. जन्मात दारूच्या वाटेला न गेलेला माणूस.

"हलवायचीच हाय ना? प्यायची तर नाय," ते मान वर न करता म्हणाले. "मी हलवीन."

आता आमच्या फोनचं सांगतो. अण्णा विचारणार, जेवला का. मी म्हणणार, हो. मग ते म्हणणार, बरं, आईकडं देतो... कित्येक वर्षं एवढंच. राग-बिग काही नाही. विषयच नसायचा.

मी कोचीला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचा स्वतःहून फोन. "हलवली. ऐक." त्यांचा फोन साधा, व्हिडिओ वगैरे नाही. तर त्यांनी फोन बरणीला लावला आणि बरणी हलवली... डुबुक डुबुक. मी बर्फाच्या मशीनपाशी उभा राहून ऐकत होतो.

मग रोज फोन. रंग पिवळसर झालाय. झाकण उघडलं की घरभर पेरूचा वास सुटतो आन तुझी आई बोंबलती. त्यातून मग बाकीचं निघायचं... पंचवटीच्या बाजारात पहाटे किती धुकं होतं, कोणाची मोटर जळाली, कुत्रीला पिल्लं झाली. दुपारी बार उघडायच्या आधी मी मागच्या दारात जाऊन उभा राहायचो. इथं आजूबाजूला सगळं मल्याळम, आणि कानात आमचा बांध.

आठवडा झाला. "आता गाळू का?" अण्णांनी विचारलं.

झाली होती खरं तर. जास्त ठेवली की बियांनी कडवटपणा येतो, हे मला माहीत आहे. पण गाळली की फोन बंद होणार... तोंडातून निघून गेलं, "राहू द्या अजून. मुरली नाही."

"राहू दे, राहू दे," अण्णा म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले असं आता वाटतं.

त्यानंतरही रोज हलवली, रोज ऐकवली.

परवा दुपारी दाजींचा फोन आला. "साल्या, काय चीज बनवलीस! शनिवारी मित्र आले होते. सोडा, लिंबू, काठाला तिखट-मीठ... बाटली संपली."

मी म्हटलं, दाजी, कुठली बाटली? बरणी तर घरी आहे. काल अण्णांनी ऐकवली मला.

दाजी म्हणाले, "अरे, मागच्याच्या मागच्या रविवारी मी घरी गेलो होतो. बघितलं तर झालेली होती, तिथंच गाळून घेऊन आलो. अण्णा बोलले नाहीत?"

मागून ताईने फोन ओढून घेतला. "आई सांगत होती, अण्णांनी बरणीत पाणी भरून ठेवलंय. घासायला मागितली तर देत नाहीत. तिला वाटलं, तूच सांगितलंयस."

मी बर्फाची बादली खाली ठेवली.

थोड्या वेळाने अण्णांचा फोन आलाच. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "अण्णा, दाजींचा फोन आला होता."

त्या दिवशी त्यांनी बरणी ऐकवली नाही.

"वरच्या फांदीला पेरू हायेत अजून," ते म्हणाले.

"मग दुसरी टाका."

"कशी टाकायची ते सांग की."

त्यांना सगळं माहीत होतं. तरी मी पहिल्यापासून सांगितलं... पेरू कसे कापायचे, मिरची कधी काढायची. हळूहळू सांगितलं. आतून कॅप्टन, म्हणजे बारमधला आमचा साहेब, हाका मारत होता.

मला वाटायचं, लांब गेलेल्यालाच घराची आठवण येते. घरात बसलेल्या माणसालाही लांब गेलेल्याची येते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णांचा फोन साधा आहे, ही पोस्ट त्यांना दिसणार नाही. म्हणून तर लिहिता आलं.