रुपीने वाऱ्याला दिलेलं तोंड

माझ्या सासूला, रुपीला, चौकशा फार. मधमाशी रात्री झोपते कुठे, दाभोशाच्या धबधब्याचं पाणी थंडीत एवढं बारीक का होतं, राजाच्या घोड्याला पडसं येतं का! विचारून विचारून जीव खायची. तिने तोंड उघडलं की मी पाण्याचा हंडा उचलून पळ काढायची.

तेव्हा जव्हार संस्थान होतं आणि आमचा पाडा पोशेरा गावाच्या वर, उघड्या माळावर होता. पौषात वारा असा सुटायचा की चुलीतला जाळसुद्धा आडवा व्हायचा. एका पौषात माझं तान्हं पोर गारठून गेलं. कुशीत होतं, तरी गेलं. तेव्हापासून सासूने एकच ध्यास घेतला, पाडा डोंगराच्या आडोशाला न्यायचा. पण ती जागा संस्थानच्या जंगलातली. कचेरीत परवानगी मागायला गेलो तर एक कारकून म्हणाला, "वारा काय, सगळीकडेच असतो!"

पुढच्या पौषात डोंगरांचे फोटो काढत एक फोटोवाला वर आला. कानाला मफलर, नाक लालबुंद. सासू त्याच्या पेटीभोवती घिरट्या घालायला लागली.

"साहेबा, यात वारा येतो का रं?"

"वारा नाही येत, बाई. वाऱ्याने हलतं ते पुसट येतं. फोटोत जो हलेल त्याचं तोंड गेलंच म्हणून समज."

सासूने त्याला कारकुनाचं सांगितलं, माझ्या पोराचंही सांगितलं. तो म्हणाला, "पाड्याचा फोटो काढतो. कचेरीत मीच दाखवीन."

आणि आमच्या शहाण्यांनी काय करावं? फोटोत घर नीटनेटकं दिसायला नको का! दीर पुंजाने छपराचा पेंढा दोराने आवळला, वर दगड ठेवले. बायकांनी वाळणारी लुगडी आत नेली. सगळे ठेवणीतले कपडे घालून, श्वास धरून उभे. फोटोवाल्याने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं नि कपाळाला हात लावला. "अहो, यात वारा दिसणार कुठून?"

"सोडा ते दोर!" सासू ओरडली.

"छप्पर उडालं तर तू शाकारशील?" पुंजा भडकला. कोणी दोराला हात लावेना, आणि फोटोवाल्याकडे फोटो उमटायची एकच काच उरलेली.

सासूला आपलं तोंड बघायची केवढी हौस! आमच्याकडे आरसा कुठला? नदीच्या पाण्यात दिसेल तेवढंच. सकाळपासून मला विचारून भंडावलं होतं, "माझं नाक कसं येईल गं?" तीच बाई सगळ्यांच्या पुढे आली. अंगावरची घोंगडी टाकली, डोक्यावरचा पदर सोडून दिला. दात कडाकडा वाजत होते. अंग आवरलंच नाही तिने, थरथरू दिलं.

"काढ आता," म्हणाली.

कचेरीत कारकुनाने विचारलं, "सगळे स्पष्ट आलेत, मग मधे हा धूर कसला?"

"बाई आहे," फोटोवाला म्हणाला. "तिथल्या वाऱ्यात उभी होती."

परवानगी मिळाली. पाडा आडोशाला आला. तिथल्या पहिल्याच पौषात माझ्या मांडीवर धाकली लेक झोपलेली असताना फोटोची प्रत पोचली. पुंजाच्या मिशीचा केस न केस दिसत होता. सासूने त्या पांढुरक्या धुरावर बोट ठेवलं.

"ही मी ना? नाक कसं आलंय गं?"

या खेपेला मी उठले नाही. "छान आलंय, आत्याबाई," म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.