अच्छाडला मी गाडीच्या गिअरबॉक्सला निरोप देऊन टाकला होता

डहाणूला जायचंय, काय बघू, कुठे राहू, असं विचारणारे दोन-चार निरोप दर हिवाळ्यात या ब्लॉगवर येतात. त्यांना उत्तर देताना दर वेळी माझी गाडी त्या एका सहलीवर जाऊन थांबते. तेव्हा एकदाची ती लिहूनच टाकतो. काळ नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला, त्यामुळे रस्त्यांची माहिती जुनी आहे. चिकू मात्र तेव्हा होते तसेच आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझा डावा पाय नावापुरताच आहे. क्लच दाबणं हा प्रकार माझ्या नशिबात नव्हता. चाळिशीपर्यंत मी कायम दुसऱ्याच्या मागे बसून हिंडलो आणि दुसऱ्याच्या सोयीने घरी परतलो. मग माझा मेहुणा सिंगापूरहून कायमचा परत आला, त्याने तिकडची जपानी गाडी सोबत आणली आणि वर्षभराने ती मला देऊन टाकली. गाडी ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, उजवा पाय पुरतो. पहिल्यांदा एकटा दूध आणायला गेलो तेव्हा दूध न घेताच अर्धा तास फिरून आलो होतो. बायकोने, वसुधाने, बिनदुधाचा चहा पुढे ठेवला.

पण महिन्याभरापासून गाडी नखरे करायला लागली होती. तासभर चालली की एकाच गिअरमध्ये अडकायची. सिग्नलवरून निघताना म्हातारा जिना चढतो तशी निघायची. ठाण्यात दोन गॅरेजवाल्यांना दाखवली, दोघांनी ती दिवसभर उभी ठेवली, मग फिरवून पाहिली आणि काही झालेलं नाही म्हणून परत दिली. माझा थोरला भाऊ, दादा, म्हणाला की परदेशी खेळणं आहे ते, साधा गिअरबॉक्स बसवून घे, ड्रायव्हर मी बघून देतो. मी विषय बदलला आणि शुक्रवार-सोमवारची रजा टाकली. डहाणूला माझा पॉलिटेक्निकचा मित्र प्रभाकर राहत होता, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि किती वर्षं बोलावत होता.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालो. घोडबंदर, मनोर, चारोटी नाका. सरळ जायचं असेल तर चारोटीला डावीकडे वळलं की डहाणू, तासाभराच्या आत. पण मला गाडी चालवायची हौस दांडगी. हायवेने तसंच पुढे जाऊ, गुजरातच्या हद्दीवर अच्छाडला ढाब्यावर जेवू, मग मागे तलासरीला येऊन बोर्डीकडे उतरू आणि समुद्राच्या कडेने डहाणूला जाऊ, असा बेत मी केला. वसुधा म्हणाली, अहो, वाकडी वाट करून जेवायची ही कसली हौस. रस्ता तेव्हा दुपदरी होता, समोरून ट्रकवर ट्रक. तलासरीच्या पुढे चढावर गाडी पुन्हा अडकली. मागे लागलेले ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच बसले होते.

रखडत रखडत अच्छाडला पोहोचलो. चेकपोस्टजवळ ट्रकची ही रांग, तिच्या आडोशाला ढाबे, टायरवाले, चहाच्या टपऱ्या. एका ट्रक गॅरेजच्या रमणभाईंनी बाजेवरून उठून बॉनेट उघडलं. गाडी तापलीये, आधी थंड होऊ द्या, तोवर जेवून घ्या, असं ते म्हणाले. शेवटी पाहुण्याला तापल्या गाडीजवळ ताटकळत कोण ठेवेल? आम्ही शेवभाजी आणि रोटला खाल्ला (ढाब्यांच्या रांगेत ज्याच्यासमोर सर्वांत जास्त ट्रक असतील तिथेच खावं, हा माझा नियम आहे). दीड तासाने रमणभाईंनी गाडी फिरवून आणली तर ती लोण्यासारखी चालली. तेलाची कांडी काढून वास घेतला, मान हलवली.

"शेठ, आ गिअरबॉक्सनी कंप्लेन छे. आज चालेल, उद्या रस्त्यात सोडेल. साधा टाकून देतो, क्लचवाला. मग दहा वरस बघायला नको."

माझ्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं नाही. पण ड्रायव्हर ठेवणारा माणूस दिसतोय, असं त्यांना वाटलं असणार. माणूस लबाड नव्हता, उलट आजच सोडून जा असा आग्रहही केला नाही. मी एसटीडी बूथवरून दादाला फोन लावला. तो म्हणाला, करून टाक, सोमवारपासून ड्रायव्हर येईल. आणि मी, ज्याला क्लच दाबताच येत नव्हता तो मी, परत येऊन रमणभाईंना म्हणालो की सोमवारी सकाळी गाडी आणून देतो. उगाच नाही सांगत, बोर्डीपर्यंत मला समुद्र दिसला नाही. सुरूची झाडं, ओली वाळू, सगळं होतं म्हणे. वसुधा सांगत होती आणि मी हं हं करत होतो. माझ्या हातातलं स्टिअरिंग आता दोन दिवसांचं सोबती होतं.

प्रभाकरचं घर डहाणूतल्या मसोलीत. नलिनीवहिनींनी रात्री पापलेटचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. बोर्डीला राहायची सोय तेव्हाही होती, पण अशी वहिनी असेल तर लॉजच्या नादी लागू नये. जेवणावर मी गिअरबॉक्सचं सांगितलं. वाटलं होतं प्रभाकर हळहळेल. त्याने उठून वही आणली.

सिग्नलवाल्यांची ही एक खोड असते. सिग्नल बिघडला तर आधी हात लावायचा नाही. काय झालं, कधी झालं, त्याच वेळी आणखी काय काय झालं, सगळं लिहायचं. बिघाड चालू असताना पकडायचा, नीट झाल्यावर शोधायला गेलं तर काही सापडत नाही. प्रभाकर एकेक विचारत होता आणि मी वैतागून उत्तरं देत होतो. किती वेळाने अडकते? तासाभराने. थंड झाली की? नीट चालते. अडकते तेव्हा समोर काय दिसतं? काही नाही, एक दिवा लुकलुकतो. आणि वेगाचा काटा?

"तो पडतो शून्यावर," मी म्हटलं. "त्याचं काय एवढं?"

प्रभाकरने पेन खाली ठेवलं. "हे तू गॅरेजवाल्याला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. कोणालाच नव्हतं सांगितलं. आमच्या पिढीने वेगाचा काटा चालू असलेली गाडी पाहिलीच कुठे होती? टॅक्सीचा काटा मेलेला, ऑफिसच्या जीपचा मेलेला, एसटीत तर काट्याच्या जागी नुसतं भोक. काटा पडणं हा बिघाड असतो, हेच मुळात डोक्यात नव्हतं. मी दोन तक्रारी वेगळ्या धरल्या होत्या आणि त्यातली एक तक्रार मानलीच नव्हती. प्रभाकर म्हणाला की चाक किती वेगाने फिरतंय हे काट्याला जो सांगतो तोच गिअरबॉक्सलाही सांगत असेल. तो मुका झाला तर बिचाऱ्या गिअरबॉक्सने कुठल्या हिशेबाने गिअर बदलायचे? त्याने मेहुण्याने गाडीबरोबर दिलेलं पुस्तक मागितलं. ते मी अजून प्लास्टिकमधून बाहेर काढलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी मुद्दाम बिघडवायला निघालो. असं प्रवासवर्णन दुसरीकडे वाचायला मिळणार नाही. डहाणू, कैनाड, पुन्हा डहाणू, पुन्हा कैनाड. भात कापून झालेली शेतं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या, डोंगराकडून येणारा गार वारा. एरवी रोज अडकणारी गाडी त्या दिवशी पहिल्या फेरीत शहाण्यासारखी वागली. मला तर घाम फुटला. दुसऱ्या फेरीत कैनाडला शिरताना काटा पडला आणि दिवा लुकलुकला. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बिघडल्याचा मला आनंद झाला.

प्रभाकरच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं खळं रस्त्याला लागून होतं. घरधनी, बारकूकाका, पाट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि सवयीने म्हणाले की तापलीये, निवू द्या, बसा. प्रभाकर म्हणाला, "काका, निवली की खोटं बोलेल ती." इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून तो गोणपाटावर झोपून गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सच्या शेपटीला बोटाएवढी एक काळी कांडी होती, हाच तो सेन्सर. आत तारेचं वेटोळं आणि चुंबक. प्रभाकरने तिची वायर सुटी केली आणि सिग्नलच्या तारा तपासायच्या आपल्या मीटरच्या दोन सुया कांडीला लावल्या. मीटर बाहेर माझ्या हातात होता. काटा जागचा हलला नाही. वेटोळं कुठेतरी तुटलेलं होतं. मग आम्ही तसेच थांबलो, बारकूकाकांनी दिलेले नाचणीचे पापड खात. पाऊण तासाने मीटरचा काटा हळूच उठला आणि मधोमध जाऊन बसला. तार थंड असली की टेकायची आणि तापली की सुटायची.

तरी प्रभाकरचं समाधान होईना. वायर खराब की कांडी, हे पक्कं व्हायला हवं. घरी येऊन त्याने कांडी काढली, पुसली, आणि नलिनीवहिनींच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवली. वहिनी म्हणाल्या की ते पातेलं आता रेल्वेला घेऊन जा. पाण्यात कांडी, कांडीला मीटर, आणि ओट्याभोवती आम्ही चौघे. काटा पडला. बाहेर काढून वाऱ्यावर धरली, काटा उठला. तीनदा केलं.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," प्रभाकर म्हणाला. "ही कांडी बदल आणि खुशाल चालव."

मी हसायला गेलो आणि डोळ्यांत पाणी आलं. वसुधाने पाहिलं आणि ती पण रडायला लागली. मग म्हणाली, काल तुम्ही अच्छाडला हो म्हणालात तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता.

सोमवारी सकाळी रमणभाईंना फोन करून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट कांडी कुठे असते ते नीट विचारून घेतलं. घोलवडच्या चिकूंची एक टोपली घेऊन (पिकलेले वर, कच्चे खाली असे भरलेत ना, हे नीट बघून घ्या, नाहीतर पिकलेले चेपतात) चारोटीवरून सरळ ठाण्याला आलो. कांडी तीच होती, त्यामुळे मनोरच्या आधी काटा पडला. मी घाबरलो नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चढावर लीव्हर हाताने खाली घेतली, टपरीवर चहा प्यायलो, कांडी निवली, निघालो. नवी कांडी पुढे महिन्याभराने सिंगापूरहून आली.

आता मागे वळून पाहिलं की त्या सहलीतला समुद्र मला फारसा आठवत नाही. आठवतं ते इतकंच की मी स्वतःच हो म्हणालो होतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. इतकी वर्षं मागे बसायची सवय होती की पुन्हा मागे बस म्हटल्यावर मी निमूट सरकलो. तुमची गाडी किंवा आणखी काही बिघडलं तर लगेच हो म्हणू नका, एवढाच माझा सल्ला.

घरी पोहोचलो तर दादा गेटजवळ उभा, शेजारी नवा ड्रायव्हर. मी त्या माणसाची माफी मागितली, चिकू दिले आणि परत पाठवलं. दादाचा चेहरा पडला. आठवीपर्यंत याच दादाने मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं, पावसात, उन्हात, स्वतःचा तास बुडवून. माझी काळजी करणं त्याला थांबवता येत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी डावीकडचं दार उघडलं आणि बस म्हटलं. तो बसला, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

त्याने डॅशबोर्ड सोडला आणि दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "तू नेशील तिकडे."